नारिंगी फितींचा माग

“मी बोलावतो, तू मार,” वेन्डल गाडीचं दार हळूच लावत म्हणाला. “आणि यंदा घाई केलीस तर घरापर्यंत चालत पाठवीन.”

“गेल्या वर्षी मागून ‘मार, मार’ म्हणून कोण फुसफुसत होतं?” ट्रूडीने विचारलं.

वेन्डल हाल्वर्सनने टोपी सारखी केली आणि विषय बदलला. थोरला भाऊ असला तरी एवढं त्याला कळत होतं.

मोंटानातला सप्टेंबर होता, गवतावर दव गोठलं होतं. दोघं लहानपणापासून धनुष्यबाणाने एल्क, म्हणजे तिथली थोराड हरणं, मारत आली होती, आणि त्या मांसावरच ट्रूडीचा हिवाळा निघायचा. गेल्या वर्षी मात्र सगळं फिसकटलं. नर समोरासमोर उभा असताना तिने बाण सोडला. समोरून मर्माची जागा जेमतेम तळहाताएवढी असते, तिचा बाण चार बोटं सरकला. बाण लागल्यावर निदान अर्धा तास हलायचं नसतं; जखमी जनावर जवळच बसतं आणि माणसाची चाहूल लागली की उठून चालू लागतं. दोघं दहाव्या मिनिटाला निघाली. मग साडेचार तास, दिसेल त्या प्रत्येक थेंबाशी फांदीला नारिंगी प्लॅस्टिकची फीत बांधत त्यांनी माग काढला, आणि दगडांच्या घसरणीवर तो तुटला. परतताना ट्रूडीने सगळ्या फिती सोडवून घेतल्या आणि घरी शेगडीत जाळल्या. ते जनावर किती दिवस तडफडलं असेल, या विचाराने वर्षभर तिचा जीव जळत होता. तिने मनाशी पक्कं केलं होतं: यंदा जागा अचूक मिळाल्याशिवाय बाण सुटणार नाही, आणि सुटला तर माग संपेपर्यंत आपण मागे फिरणार नाही.

म्हणून दोघं मुद्दाम नव्या खोऱ्यात आली होती. इथे दोघांपैकी कुणीच आधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

सात वाजता ती एका देवदारापुढे गुडघे टेकून बसली. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून भुकटीची डबी दाबून पाहिली. वारा समोरून तोंडावर येत होता. मागे साठ पावलांवरून वेन्डलने मादीचा आवाज काढला. बराच वेळ काहीच नाही. मग झाडीतून घोगरी शीळ उठली, फांद्या मोडल्या, आणि घोड्याएवढा नर तिच्यापुढे वीस वारांवर येऊन उभा राहिला. सरळ तिच्याकडे तोंड करून.

तिने दोरी ताणलेली होती. गेल्या वर्षीसारखीच समोरून छाती, तेच अंतर. ती थांबली.

ताणलेल्या दोरीने तिचा खांदा भरून आला. नराने मान फिरवली, दोन पावलं टाकली, आता आडवा झाला. पण अलीकडचा पुढचा पाय मागे होता आणि फऱ्याचं हाड फुप्फुसांवर आलं होतं. ती अजून थांबली. डोळ्यात घाम उतरला, तरी तिने पापणी हलवली नाही. नराने तो पाय पुढे टाकला.

तिने बाण सोडला. नर उधळून झाडीत दिसेनासा झाला.

बाण पलीकडच्या मातीत रुतलेला सापडला. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं. म्हणजे फुप्फुसंच.

“शाबास, पोरी!” वेन्डल कुजबुजला. “चल.”

“बस खाली. चाळीस मिनिटं.”

तो बसला. चाळीस मिनिटं ट्रूडी हाताच्या घड्याळाकडे बघत राहिली.

पहिला थेंब बारा पावलांवर मिळाला. फीत काढायला तिने खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला. थेंबावरच्या फांदीला फीत बांधलेलीच होती. उन्हाने पांढरी पडलेली, बोट लावताच चुरा होणारी.

“कुणीतरी कधीतरी इथे माग काढला असेल,” वेन्डल म्हणाला.

“नेमका या थेंबावर?”

पुढची फीत फिकट पिवळी होती. तिच्याखालच्या पानावरून रक्त अजून ओघळत होतं. गाठ डावखुऱ्या हाताची, दोन वेढे, शेपूट खाली. ट्रूडी डावखुरी होती.

“मला घाबरवायला आधी येऊन बांधल्यास ना?” वेन्डल हसायला गेला, पण हसू फुटलं नाही.

“नर कुठून पळणार, ते मला आधी कसं कळेल?”

तिसरी फीत. चौथी. पाचवी. प्रत्येकीचा रंग आधीच्यापेक्षा गडद.

सहाव्या फितीपुढे नर पडलेला होता. ट्रूडीने काठीच्या टोकाने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी मिटली नाही. मानेवर हात ठेवला. अंग ऊन होतं. बाण गेला होता अगदी तिने निवडलेल्या जागी. शंभर पावलंसुद्धा तो चालला नव्हता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

“सुटलीस बाई एकदाची,” वेन्डल म्हणाला आणि पिशवीतून सुऱ्या काढू लागला.

ट्रूडीने डोळे पुसले. तेव्हा तिला वरच्या अंगाला, चार हातांवर, दगडावरचा थेंब दिसला.

“तिकडे रक्त आहे.”

“त्याचंच. वर जाऊन परत फिरला असेल.”

“खुरांचा एकही ठसा नाही, वेन्डल.”

त्याने पाहिलं. सुरी हातातच राहिली.

थेंबावरच्या फांदीला फीत होती, कोरी, झगझगीत नारिंगी. त्यापलीकडे आणखी एक.

“जनावर मिळालं. आता चल,” वेन्डल म्हणाला. “ट्रूडी, माझं ऐक.”

“माग संपला नाही.”

“तो आपला नाही!”

ती उत्तर न देता चढू लागली. दुसऱ्या फितीखाली झऱ्याचा चिखल होता.

चिखलात बुटाचा ठसा होता. लहान, बाईमाणसाचा. त्याच्या कडेला रक्ताचे दोन थेंब.

ट्रूडीने आपला पाय शेजारी ठेवून पाहिला नाही. तळाची नक्षी तिच्याच बुटाची होती.

ती वाकली. ठशात पाणी अजून भरत होतं.