आवाज आधी आला

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. घसा ताणून सांगायची गोष्ट नाही ही.

माझ्या साडूची आहे. तुम्ही त्याला पाहिलंय. तोच, जाड चष्म्याचा, चारचौघांत गप्पा रंगल्या की हा स्पीकरच्या मागे वाकून बसलेला. रेकॉर्डिंगची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बायकोचं एक ऐकणार नाही, पण यंत्र जरा वेगळं गुणगुणलं की याचे कान टवकारलेच. भुताखेतांचं नाव काढलं तर तोंडावर हसायचा. म्हणून तर त्याने हे सांगितलं तेव्हा मला ते खोटं म्हणवेना.

गेल्या मार्चमधला दुसरा शुक्रवार. रात्रीचे सव्वानऊ.

एका बाईंनी त्याला बोलावलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. त्या वाचणार आणि यजमान रेकॉर्डिंग सांभाळणार, असं वर्षानुवर्षं चाललेलं. हातातल्या पुस्तकाची बावीस प्रकरणं झाली, शेवटचं तेवढं राहिलं आणि यजमान अचानक गेले. त्याला सहा महिने झाले होते. पाठोपाठ जुन्या कॉम्प्युटरनेही मान टाकली. मुलाने नवा कोरा लॅपटॉप पाठवला, पण यजमानांचा तो आठ भोकांचा जड डबा त्याला जोडता येईना. माइकचा आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारा डबा, ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्याला. डब्याची केबल एका जमान्याची, लॅपटॉपचं भोक दुसऱ्या.

"नवा डबा घ्या ना बाई," साडू फोनवर म्हणाला होता. "हल्ली तळहाताएवढा मिळतो."

"नको. बावीस प्रकरणं एका आवाजात आणि शेवटचं भलत्याच? माझे ऐकणारे कानांनीच बघतात. त्यांना पहिल्या वाक्यात कळेल. आणि हो, रात्रीच या. दिवसा रस्ता नुसता कोकलत असतो."

शाळेतल्या बाई त्या. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

घर गल्लीच्या टोकाला, अरुंद. खाली स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, वर रेकॉर्डिंगची. मधे सरळ उभा जिना, एका वेळी एकच माणूस जाईल असा. वरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यावी, इतकी शांतता.

साडूने डब्यावरची धूळ पुसली. केबलला एक अडॅप्टर लावला, त्या अडॅप्टरला दुसरा, आणि ती आगगाडी लॅपटॉपला जोडली. डब्यावरचा दिवा लुकलुकायला लागला, पण लॅपटॉप काही ओळख दाखवेना. डबा बनवणाऱ्यांनी दहा वर्षांपूर्वीच त्याला वाऱ्यावर सोडलेलं. साडूने कुठून तरी जुना ड्रायव्हर शोधला, म्हणजे या दोघांची ओळख करून देणारा प्रोग्राम. तो टाकायचा, लॅपटॉप बंद करायचा, परत चालू करायचा. नाकी नऊ आले. साडेदहाला, तिसऱ्या खेपेस, दिवा स्थिर झाला.

"बोला बाई."

बाईंनी हेडफोन चढवले. "एक… दोन… तीन," त्या माइकमध्ये म्हणाल्या आणि हसल्या. "अहो, मी बोलते आधी आणि मला ऐकू येतं मागाहून. विहिरीत बोलल्यासारखं."

"जुनं आणि नवं जोडलं की होतं असं. आवाज आत जाऊन कानापर्यंत यायला वेळ लागतो. करतो कमी."

"करा तुम्ही. मी चहा टाकते."

बाई खाली गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

साडूने हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. पडद्यावर एका चौकोनात त्या उशिराचा आकडा होता. सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात तो. साडू एकेक सेटिंग उतरवत गेला. चाळीस. वीस. आठ. चार.

शून्य.

शून्य कधी येत नसतं. कितीही भारी यंत्र आणा, थोडा तरी उशीर राहतोच. साडूने चष्मा पुसला, परत पाहिलं. आकड्याच्या आधी आता एक आडवी रेघ आली होती. उणे सहा. उणे तीस. उणे दोनशे. त्याने माऊसवरून हात उचलला, तरी आकडा पळतच होता.

'ड्रायव्हर गंडला,' तो मनाशी म्हणाला. तपासून बघावं म्हणून माइकला टिचकी मारायला त्याने बोट पुढे केलं.

कानात टक झालं.

बोट अजून वीतभर लांब होतं.

मग बोट माइकला लागलं. तेव्हा कानात काहीच आलं नाही.

साडू खुर्चीत ताठ झाला. भास म्हणायचा तर कान त्याचे, आयुष्यभर कधी न फसलेले. त्याने टाळी वाजवायला दोन्ही हात वर केले. कानात टाळी वाजली. स्पष्ट, एकच. हात अजून हवेत, एकमेकांपासून लांब.

आता, माझा साडू कसला हट्टी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. तो म्हणाला, थांब, तुला खोटं पाडतो. त्याने हात खाली घेतले. मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांवर बसून राहिला. टाळी वाजवायचीच नाही. बघू काय होतं.

एक सेकंद गेला. दुसरा गेला.

खोलीत टाळी वाजली.

हेडफोनमध्ये नाही… खोलीत. त्याच्या मागे. हाताच्या अंतरावर.

त्याला मागे बघवेना. मान वळेचना. पडद्यावर आकडा पळत होता. उणे नऊ हजार. उणे चाळीस हजार. म्हणजे चाळीस सेकंद. पुढचे चाळीस सेकंद आत्ता कानात.

आणि कानात दार उघडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी ओरडलं, "बाई, थांबा! जिना चढू नका!" आवाज घोगरा, घाबराघुबरा. तो आवाज आपलाच आहे हे साडूला जरा उशिरा कळलं, आणि त्या धक्क्यात पुढचे दोनचार शब्द निसटले.

मग पावलं. जिन्यावर. खालून वर. हळू, एकेक. सहा… सात… आठ…

पावलं थांबली.

कप फुटला.

आणि मग ते धडाधड. जड शरीर पायऱ्यांवर आपटत खाली. आपटत. आपटत.

मग काही नाही.

बाई चहा घेऊन यायला निघाल्या असणार. ओरडायचं? पण ओरडणं तर त्याने ऐकलं होतं, आणि त्यानंतरच पडण्याचा आवाज आला होता. न ओरडावं, तर टाळीसारखं… दुसरंच कोणी ओरडेल? त्याच्या आवाजात?

तो विचार त्याला सहन झाला नाही. हेडफोन भिरकावून तो उठला, दार उघडलं आणि जीव खाऊन ओरडला, "बाई, थांबा! जिना चढू नका!"

बाई खाली पहिल्या पायरीशी होत्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप. एक पाय उचललेला. तो त्यांनी तसाच मागे घेतला.

"काय हो? काय झालं?"

"मागे व्हा. आधी मागे व्हा."

बाई दोन पावलं मागे सरल्या. जिन्यातला दिवा लख्ख चालू. वर साडू, खाली बाई, मधे रिकाम्या पायऱ्या.

साडूला वाटलं, वाचलो. चुकवलं आपण.

पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं.

दोघांनी ऐकलं. बाईंचे डोळे पायरीकडे गेले. तिथं कोणी नव्हतं. दुसऱ्या पायरीवर वाजलं. तिसऱ्या. हळू, सवयीने जिना चढणाऱ्या माणसासारखं… वर. साडूकडे.

तो चौकट धरून उभा. पाच. सहा. सात. आठ.

थांबलं.

त्याच्या समोर, चार पायऱ्या खाली. कोणीतरी दमून श्वास घेतला.

कप फुटला. बाईंच्या हातातले दोन्ही कप शाबूत होते.

मग ते कोसळलं. धड… धड… धड… एकेक पायरी हादरवत, खालपर्यंत. बाईंच्या पायांशी येऊन थांबलं.

बाई म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, "आमचे हे असेच पडले होते. मी तेव्हा आत होते. मी फक्त ऐकलं होतं."

साडू जिना उतरला तो बसून, भिंत धरून, लहान मूल उतरतं तसा. आठवी पायरी आली तेव्हा डोळे मिटले. पायऱ्यांवर काही नव्हतं. कोरड्या, स्वच्छ. खाली फरशीवरही काही नाही. त्याने बाईंच्या हातातला ट्रे ओट्यावर ठेवला, त्यांचा हात धरला, दोघं घराबाहेर पडले, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उजाडेपर्यंत बसून राहिले. बाई रडल्या नाहीत. फक्त मधेच एकदा म्हणाल्या, "मी तेव्हा चढले असते, तर ती पडणारी मीच असते ना?"

तो डबा पुन्हा कशालाही जोडला गेला नाही. शेवटचं प्रकरण बाईंनी दुसऱ्याच यंत्रावर केलं, आणि ऐकणाऱ्यांनी विचारलंच की आवाज वेगळा का.

पण पहाटेचं एक राहिलं. हे साडूने मला एकदाच सांगितलं, आणि परत विचारलं तर विषय बदलतो.

सहा वाजता, चांगलं उजाडल्यावर, दोघं घरात शिरले. जिन्याच्या तळाशी एका कपाचे तुकडे पडले होते. निळ्या काठाचा कप. बाई खाली बसल्या आणि कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. निळ्या काठाचे सहा कप होते त्यांच्याकडे. "सहावा, हे गेले त्या रात्री ह्यांच्या हातात होता," त्या म्हणाल्या. "त्याचे तुकडे मी स्वतःच्या हाताने गोळा केले, कागदात बांधले आणि टाकून दिले. सहा महिने झाले."

साडूने कपाट उघडून पाहिलं. तीन कप आत होते, दोन रात्रीच्या ट्रेमध्ये, गार चहाने भरलेले. पाच.

मग तो वाकला. तुकड्यांभोवती चहा सांडलेला होता. त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

चटका बसला होता.