चौऱ्याण्णव क्रमांकाचं गाणं

जॅनेल प्रुइट तोंडानं कधी खोटं बोलायची नाही. कागदावर मात्र तिनं आयुष्यात एकच खोटं लिहिलं होतं, आणि नेमकं तेच शोधत मार्चमधल्या एका शनिवारी एक तरुण भिजलेली टोपी हातात धरून तिच्या ऑफिसच्या दारात उभा राहिला.

नॅशव्हिलमध्ये गिटारच्या तारांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर लॅथमसाहेबांचं ऑफिस होतं. कंट्री संगीताच्या साप्ताहिक यादीत कुठलं गाणं कधी आलं, कितव्या क्रमांकापर्यंत चढलं, किती आठवडे टिकलं, हे सगळं सांगणारा जाडजूड ग्रंथ तिथून निघायचा. लॅथमसाहेब संपादक, आणि जॅनेल त्यांची एकुलती एक मदतनीस. गाण्यागणिक एक कार्ड, अशी तिनं अकरा हजारांवर कार्डं लिहिली होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, पण लोकांच्या प्रेमभंगांना क्रमांक देता देता स्वतः प्रेम करायचं राहूनच गेलं होतं.

"मॅम, मी वेंडल हॅगर्टी. बोलिंग ग्रीनहून आलोय," तो म्हणाला. "हॉटेलांतून नाणं टाकून गाणी वाजवतात ना, त्या पेट्या दुरुस्त करतो." त्यानं काखेतला ग्रंथ टेबलावर ठेवला. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "यातली प्रत्येक रेकॉर्ड माझ्याकडे आहे. बारा वर्षं लागली. फक्त एक मिळत नाही."

"कुठली?"

त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. डस्टी रे कॉल्विन. 'तुझ्या गावचा पाऊस माझ्या काचेवर'. नोव्हेंबर १९६१, क्रमांक चौऱ्याण्णव, एक आठवडा.

जॅनेलनं हातातलं कार्ड खाली ठेवलं.

असा गायक नव्हताच मुळी! असं गाणंही नव्हतं. मागं एका प्रकाशकानं त्यांचा अख्खा ग्रंथ उतरवून आपल्या नावानं छापला होता. पण याद्या तर सगळ्यांच्या सारख्याच, त्यामुळे चोरी काही सिद्ध होईना. तेव्हापासून साहेबांनी ग्रंथात एक खोटं गाणं पेरायचं ठरवलं. दुसऱ्याच्या पुस्तकात ते दिसलं की चोर सापडला. गाणं रचायचं काम जॅनेलकडे आलं, आणि याची कुठं वाच्यता करणार नाही, असा शब्द साहेबांनी तिच्याकडून घेतला होता.

"हे नाव वाचलं आणि मला काही सुचेना बघा," वेंडल म्हणाला. "ज्यानं लिहिलं ना, त्याला कुणाची तरी फार ओढ लागलेली असणार."

जॅनेलचे कान गरम झाले. "इतकं काही नसेल हो. बसला असेल खिडकीत, पडत असेल पाऊस, नसेल दुसरा उद्योग..."

"तुम्ही फारच कोरड्या आहात, मिस प्रुइट."

"आणि तुम्ही फारच ओले. टोपी माझ्या कार्डांवर निथळतेय."

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली, आणि ती पडायची काही गरज नव्हती. तेव्हाच खरं सांगून टाकायचं... पण शब्द दिलेला, आणि समोर ती खळी! "पुढच्या शनिवारी या," ती म्हणाली. "जुने कागद बघून ठेवते."

तो आला. त्यानंतरच्या शनिवारीही आला. मग दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत बसू लागली. वेंडल कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पावाचा, मोठा तुकडा तिच्या ताटलीत सरकवायचा. त्याच्या बोटांवर पेट्यांच्या तारांना डाग देताना भाजल्याच्या बारीक खुणा होत्या. त्या तिनं मोजल्या होत्या, सात होत्या. सोमवार ते शुक्रवार ती खिडकीखालून जाणाऱ्या, त्याच्या ट्रकसारख्या प्रत्येक हिरव्या ट्रककडे मान वळवून बघायची, आणि तो त्याचा नसायचा.

"रेकॉर्ड मिळाली की काय कराल?" एकदा तिनं विचारलं.

"वाजवीन. मग कपाटात ठेवीन."

"आणि मग?"

"मग काय... झालं की."

झालं की! त्या दोन शब्दांनी जॅनेलची तहानभूक पळाली. शोध संपला की याचं येणं संपणार, हे लख्ख दिसत होतं. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं खोटं सांगितलं. म्हणाली, कॉल्विन मेम्फिसकडचा असावा. तो मेम्फिसला जाऊन आला. मग म्हणाली, पडूका गावात बघा. तो तिकडेही गेला. ती रोज ठरवायची की या शनिवारी सांगायचंच, आणि शनिवारी हिरवा झगा घालून नुसती बसून राहायची.

जुलैच्या शेवटी तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "सापडला!"

"कोण?"

"डस्टी रे!" त्यानं खिशातून जपून एक फोटो काढला. गिटार घेतलेला, कान बाहेर आलेला एक पोरगेला माणूस होता. "पडूकाच्या ईडा कॉल्विनबाई, त्यांचा दीर. रे नाव. चर्चमध्ये गायचा. पासष्ट साली गेला बिचारा. त्यानं रेकॉर्ड काढली होती हे घरात कुणाला ठाऊकच नाही! मी ग्रंथातली ओळ दाखवली, तर म्हातारी रडलीच हो. म्हणाली, पुढच्या आवृत्तीत फोटो छापतील का?"

जॅनेल फोटोकडे बघत राहिली. आता हे तिच्या आणि त्याच्यातलं उरलं नव्हतं.

"वेंडल... तो हा नाही."

"मग?"

"तो कुणीच नाही. ते गाणं मी रचलं. चोर पकडायला." तिनं सगळं सांगितलं, मेम्फिससकट. "साहेबांना दिलेला शब्द मोडतेय. पण त्या शब्दाचं कारण पहिल्या दिवसापुरतंच होतं. नंतर मी खोटं बोलले, कारण... रेकॉर्ड नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा आला नसतात."

खाली दुकानात कुणीतरी तार जुळवत होतं. वेंडलनं फोटो परत खिशात ठेवला.

"मला फिरवलंत, ठीक," तो म्हणाला. "त्या म्हातारीला मी काय सांगू?"

आणि तो गेला.

तिनं साहेबांना सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेली होती. लॅथमसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. "ओळ काढून टाका. नवीन खोटं गाणंही तुम्हीच रचा. आणि या वेळी नाव असं ठेवा, की ते शोधायची कुणाला इच्छाच होणार नाही."

तीन शनिवार कोरडे गेले. खानावळीत ती एकटीच जायची आणि कॉर्नब्रेड तसाच ठेवून यायची. त्याची आठवण अशी यायची, की कार्डावर कुणाचंही गाणं लिहिताना हात थांबायचा. आपण त्याला गमावलं, हे तिनं स्वतःशी कबूल केलं होतं.

मंगळवारी दुपारी पायऱ्या वाजल्या. वेंडल दारात होता. काखेत ग्रंथ नव्हता.

"दोनदा वाटेतल्या फ्रँकलिनपर्यंत येऊन परत फिरलो," तो दारातूनच म्हणाला. "राग येत होता. अजून आहे."

"असू दे."

"ईडाबाईंना सांगून आलो."

"काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, रे गायला लागला की कुत्रीसुद्धा उठून जायची, त्याची रेकॉर्ड कोण काढणार! तुलाही शिव्या दिल्यात थोड्या."

जॅनेलला हसूही येईना आणि रडूही आवरेना. त्यानं 'तुला' म्हटलं होतं.

"शेवटची खरी रेकॉर्ड मला ओवेन्सबरोत मिळाली," वेंडल म्हणाला. "लगेच दुसऱ्या दिवशी मी इथं आलो. म्हणजे ज्या दिवशी हा जिना पहिल्यांदा चढलो, त्या दिवशी शोधायचं काही उरलंच नव्हतं."

"नव्हतं."

"मग इतके शनिवार पासष्ट मैल गाडी हाकत मी कशासाठी येत होतो?"

"गाण्यासाठी."

"मलाही तसंच वाटायचं." तो दोन पावलं आत आला. "आता गाणं नाही. आज शनिवारही नाही. तरी गाडी इकडंच आली, जॅनेल. आता तू सांग. पण खरं सांग... मी येत नव्हतो तेव्हा काय करायचीस?"

"वाट बघायचे."

"कुणाची?"

"तुझी," ती म्हणाली. "अजून कुणाची बघणार?"

वेंडलनं खुर्ची ओढली, तिच्या अगदी शेजारी, आणि तो बसला.