बावीस नंबरच्या जागेची तक्रार

ही गोष्ट ऐकीव नाही. अर्धी माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि अर्धी माझी. मी नर्स आहे. मेलेली माणसं मी रोज पाहते, त्यामुळे उगाच घाबरणाऱ्यांतली मी नाही.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

थंडी नुकतीच पडायला लागली होती. शनिवार होता. संध्याकाळचे पावणेसात. जागा म्हणजे एका मोठ्या कड्याखालचं कॅम्पिंगचं मैदान. सुट्टी आली की दोर घेऊन कडा चढायला लांबलांबून लोक येतात, तिथलं.

पूर्वी ते मैदान मोकळं होतं. कोणीही यावं, तंबू ठोकावा, पहाटे उठून कड्याला भिडावं. दादा तिथेच चढायला शिकला. शिकवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण दोराची गाठ कशी मारायची हे त्या भागातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच शिकवलं.

मग एका मालकाने मैदान घेतलं. भोवती कुंपण आलं, गेट आलं, दगडांवर पांढऱ्या रंगात नंबर आले. कड्याकडे जाणारी पायवाट मैदानातूनच जायची. म्हणजे मुक्काम करा नाही तर नका करू, पैसे मोजायचेच. भाडं दर हंगामाला वाढायचं. सात वाजता गेट बंद.

मास्तरांनी त्या पायवाटेसाठी अर्जावर अर्ज केले. वाट सगळ्यांची आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. मालकाच्या डोळ्यांत ते सलायला लागले.

आणि त्या गेटवर नोकरीला कोण? माझा दादा.

कड्यावरून पडून त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला होता. चढणं संपलं, जुनी नोकरी सुटली. घरी वहिनी आणि दोन मुली. पोट काही कोणाला चुकलेलं नाही.

मालकाने त्याला आधीच बजावलं होतं, "त्या म्हाताऱ्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही. ठेवलास तर तूही त्याच्याबरोबर बाहेर."

तर त्या शनिवारी मास्तर आले. पाठीवर जुनी पिशवी, गळ्यात शिट्टी.

"बावीस नंबर रिकामा आहे का रे? या वेळी पैसे आणलेत."

बावीस म्हणजे कोपऱ्यातल्या वाकड्या झाडाखालची जागा. नंबर पडायच्या आधीपासून ते तिथेच तंबू लावत.

बावीस रिकामी होती.

मागे केबिनमध्ये मालक खुर्ची टाकून बसला होता.

दादा म्हणाला, "सगळं भरलंय मास्तर."

मास्तरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"थंडीत दुखेल. बांधून ठेव."

एवढं बोलून ते कुंपणाच्या बाहेरून, दगडगोट्यांच्या उतारावरून वर निघाले. कड्याच्या पायथ्याशी एक कपार होती, तिथे झोपायला. साठी उलटलेला माणूस... अंधारात...

आत त्या दिवशी एका कंपनीची सहल होती. स्पीकर लावलेले. खेळांसाठी प्रत्येकाला एकेक शिट्टी वाटलेली. नुसता उच्छाद.

साधारण आठ वाजता दादाला एक शिट्टी वेगळी ऐकू आली.

वरून.

एक... दोन... तीन... चार... पाच... सहा.

मग शांत.

मिनिटभराने पुन्हा सहा.

कडा चढणाऱ्या प्रत्येकाला याचा अर्थ माहीत असतो. मदत हवी आहे.

दादा उठला. मालक म्हणाला, "बस खाली. पोरं खेळतायत."

दादा बसला.

दहाला स्पीकर बंद झाले, तेव्हा वरून काहीच येत नव्हतं.

सकाळी मास्तर उतारावर सापडले. मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, पडून नाही गेले, थंडीने गेले. बराच वेळ जिवंत होते.

शिट्टी ओठांत तशीच होती.

पंधरा दिवसांनी तक्रारवहीत पहिली नोंद आली. 'शेजारच्या बावीस नंबरमध्ये पहाटे पाचपासून तंबूच्या खुंट्या ठोकत होते. झोपमोड झाली.'

बावीस रिकामी होती.

पुढच्या आठवड्यात दुसरी. 'बावीसमधले गृहस्थ फार खोकतात.'

बावीस तेव्हाही रिकामी होती...

तिसरी नोंद एका बाईची. दादाने मला त्या नोंदीचा फोटो पाठवला होता, अजून माझ्याकडे आहे. 'बावीसमधल्या आजोबांनी भाडं किती ते विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, पुन्हा वाढलं वाटतं. अशा वयस्कर लोकांना सवलत द्यावी.'

मालकाने तिन्ही नोंदींखाली एकच लिहिलं. 'लक्ष दिले जाईल.'

त्याचं लक्ष देणं म्हणजे काय, ते पुढे कळलंच.

मग दादाचा फोन आला. आवाज अगदी बसलेला. "एक दिवस येशील का गं? मला वेड लागलंय की नाही, तेवढं बघून जा."

मी गेले. मधला वार होता, मैदानात एकही तंबू नव्हता. मी केबिनमध्येच झोपले आणि शांत झोपले.

जे झालं ते सकाळी साडेसातला. लख्ख ऊन पडलं होतं. आम्ही पायरीवर चहा घेत होतो. झाडांवर पाखरांचा कलकलाट चालला होता.

तो एकदम थांबला.

कोणीतरी झाकण लावावं तसा...

आणि मग... ठक्.

ठक्... ठक्.

दगडाने खुंटी ठोकल्याचा आवाज. दादाने कप खाली ठेवला. "बावीस," तो म्हणाला.

आम्ही गेलो. तो लंगडत पुढे, मी मागे.

वाकड्या झाडाखाली कोणी नव्हतं.

सगळ्या मैदानावर दव पडलं होतं. फक्त तिथे एका माणसाच्या तंबूएवढा चौकोन कोरडा होता. गवत दबलेलं. अन् त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यातून, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, आवाज येतच होता...

ठक्. ठक्.

दगड नाही. हात नाही. खुंटी नाही.

दादा गुडघ्यावर बसायला गेला, त्याला बसता येईना. तसाच वाकून उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, बावीस रिकामी होती. मी खोटं बोललो."

आवाज थांबला.

मला माझाच श्वास ऐकू येत होता. ओल्या दोराचा वास आला. आणि माझ्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, एक म्हातारा आवाज म्हणाला...

"माहीत होतं मला."

दादा माझ्या उजव्या हाताला होता. तोंडावर हात धरून रडत होता.

थोड्या वेळाने पाखरं पुन्हा बोलायला लागली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काही बोलले का गं ते? तू काही ऐकलंस?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले, मला सांगता येणार नाही. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सांगितलं असतं, आम्ही पूजापाठ, माफी, काहीतरी केलं असतं. पण रिकामी जागा आहे हे माहीत असून तो माणूस मुकाट्याने वर गेला, शिवाय दादाच्या गुडघ्याची चौकशी करून गेला. हे दादाला कळलं तर तो कसा जगेल?

वाटलं होतं, उत्तर नाही म्हटल्यावर तो नाद सोडेल.

झालं उलटंच. दुसऱ्या ठिकाणी नोकरी चालून आली होती, ती त्याने नाकारली. वहिनी रडून थकली. तो म्हणतो, मास्तर एक शब्द बोलेपर्यंत मी तिथून हलणार नाही. रोज सकाळी साडेसातला तो बावीसवर जातो आणि तेच वाक्य म्हणतो.

भुताची जागा म्हणून गवगवा करून मालकाने बावीसचं भाडं दुप्पट केलंय. आता ती जागा लोक महिनाभर आधी बुक करतात. मोबाईल लावून पहाटेपर्यंत जागतात, आरडाओरडा करतात. काहींनी तर दादालाही व्हिडिओत घेतलंय, वाकून बोलताना. खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली आहेत.

परवा त्याचा फोन होता. सहज बोलल्यासारखं म्हणाला, "हल्ली ठोकण्याचा आवाज केबिनच्या मागून येतो."

केबिनमागे त्याची खाट आहे.

मी अजून त्याला सांगितलेलं नाही. रोज फोन हातात घेते, आणि वहिनीची चौकशी करून ठेवून देते.

तो असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात आणि गेटवर लंगडणारा माणूस दिसला, तर कृपा करून त्याला यातलं काही सांगू नका.