तीन ठिपक्यांचा ठसा

“ठसा मिळणार नाही,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

“आई, दहा हजार हातोड्या उतरल्यात. ठशाशिवाय त्यांना कुत्रंही विचारणार नाही.” मुलगा कारखान्याच्या उंबऱ्यापाशी उभा होता. भर दुपारीही आत यायला तयार नव्हता.

“बाहेरून आयत्या आणायच्या आणि वर बापाचं नाव ठोकायचं. लाज वाटत नाही?”

“बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.”

“मला शिकवू नकोस. मोजलीत मी.”

हा कारखाना आम्ही दोघांनी एका भट्टीवर उभा केला. पुढे एकशे चाळीस माणसं इथे घण मारत होती. मग बाहेरचा स्वस्त माल आला आणि एकेक भट्टी विझत गेली. शेवटच्या भट्टीवर हे एकटेच उरले, आणि तिच्यापाशीच गेले.

आमच्याकडे प्रत्येक कारागिराच्या ठशात कारखान्याच्या नावाखाली त्याचे ठिपके असत. यांचे तीन. हातोडी मोडून परत आली की ठिपके बघून ज्याची त्याच्या पाटीत टाकायची. घडवणाऱ्यानेच ती दुरुस्त करायची, तोवर घरी जायचं नाही. नियम यांचाच.

मागच्या मालाच्या वेळी मुलाने खणातून नेमका यांचा ठसा काढला आणि आयत्या हातोड्यांवर मारला. महिनाभरात चाळीस हातोड्या परत आल्या. कुणाचं तोंड चेचलेलं, कुणाचा दांडा निखळलेला. मी सवयीने त्या यांच्या पाटीत टाकल्या आणि कुलूप लावलं.

सकाळी चाळीसही दुरुस्त. नव्या पाचरी, तोंडं तापवून त्यांना नीट पाणी दिलेलं. भट्टीवर हात ठेवला, थंडगार. जळक्या तेलाचा वास मात्र होता, आणि दांडे कोमट होते, कुणी आत्ताच हातातून खाली ठेवावेत तसे.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. घरी जाऊन भांडी घासली.

मग शंभर आल्या. मग चारशे. तेव्हा मी त्याच्याकडून ठसा काढून घेतला आणि कमरेला खोचला. हल्ली दार उघडते तेव्हा निम्म्याच झालेल्या असतात. दांड्यांवर ओलसर डाग असतात, तळहाताचे फोड फुटल्यावर पडतात तसे. मी ते पुसून टाकते.

“तू कुणाला तरी कामावर ठेवलंयस,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “आई... आत कोण असतं?”

“किल्ली तुझ्याकडेही आहे. जाऊन बघ.”

तो हलला नाही. “मेलेला माणूस हातोड्या दुरुस्त करत नाही.”

“हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणखी दहा हजारांवर तीन ठिपके पडले, तर ते सुटणार कधी?”

“एवढा एकच माल... मग नाही मागणार.” त्याने हात पुढे केला.

मी कमरेचा ठसा काढून त्याच्यासमोर धरला.

“घे, पण आता त्यांना एकट्याने उरकत नाही, आणि काल कुलूप लावताना आतून विचारत होते, पोराला कधी पाठवतेस.”