हरभऱ्याएवढा खडा

भर दुपारी लाइट गेले होते. डॉक्टर स्वानंद नुकतेच जेवून हात पुसत होते, तेवढ्यात हायवेलगतच्या त्यांच्या दहा खाटांच्या दवाखान्यात त्यांच्याच मुलीला आणलं. बारा वर्षांची कल्याणी शिकवणीहून येताना सायकलवरून पडली होती आणि हँडल पोटात बसलं होतं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

स्वानंदांनी खिशातल्या किल्लीनं कपाट उघडलं. हातात मावणारं, मोबाइलला जोडायचं सोनोग्राफी मशीन तिथं कुलपात असायचं. गर्भलिंग तपासणीच्या कायद्याचा धाक असा, की ते किल्ली कुणाकडे देत नसत.

दिवाळीनंतर याच किल्लीपायी दैवशाला जिवानिशी गेली. कापसाच्या टेम्पोवरून पडलेली ती बाई तीन तास याच खाटेवर होती. स्वानंद परतूरला साखरपुड्याला, किल्ली त्यांच्या खिशात. राजनंदिनी सिस्टरनं चार फोन केले. ते आले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. मग दार लावून त्यांनी मशीनचा प्रोब स्वतःच्या पोटावर फिरवला आणि ते निर्मळ चित्र दैवशालाच्या नावानं ठेवून दिलं. आल्या आल्या तपासली, तेव्हा पोटात रक्त नव्हतं, असं कागदावर आलं. तिच्या नवऱ्यानं, अंगदनं, तो कागद बराच वेळ पाहिला. “घरचं कुणी असतं, तर असंच बघितलं असतं का, साहेब?” एवढंच विचारून तो गेला.

आता त्यांनी कल्याणीच्या बरगडीखाली प्रोब टेकवला. यकृत, मूत्रपिंड, मधली फट कोरडी, रक्त नाही. त्यांनी श्वास सोडला. प्रोब जरा सरकवला, तर पित्ताशयात हरभऱ्याएवढा खडा, एका कडेला चिरलेला.

पाच वर्षं ते तो खडा ओळखत होते. तो त्यांच्या पोटातला होता.

“सर, पोरगी पांढरी पडून राह्यली,” सिस्टर हळूच म्हणाली. तिनं जालन्याहून ॲम्ब्युलन्स बोलावली होती. यायला तास तरी लागणार होता.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच खडा. खोलीत कुठूनसा ओल्या सरकीचा वास दाटत होता. आपलं पोट इथं दिसतंय, तर हिचं कुठं...

त्यांनी शर्ट वर करून प्रोब स्वतःच्या पोटावर ठेवला. स्क्रीनवर यकृताखाली काळं पाणी, म्हणजे रक्त, साचलं होतं. पाहता पाहता ते बोटभर वाढलं.

“दैवशाला, हिला सोड,” ते पुटपुटले. “घ्यायचं ते माझ्याकडून घे...”

सिस्टरचा आवाज आला, “सर, रंग आला हिला. पाणी मागून राह्यली.”

स्वानंद स्टुलावर बसले. ओठ कोरडे पडले होते, बोटं गार. पोटात रक्त आहे, मला जालन्याला न्या, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. सिस्टरनं त्यांच्या हातातून प्रोब घेतला. मशीन चालवायला तीही शिकली होती. तिनं सावकाश त्यांचं सगळं पोट पाहिलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चित्र निर्मळ होतं, त्यात खडाही नव्हता.

“कुठंय रक्त? सगळं बराबर आहे, सर. पोरीच्या धसक्यानं झालं तुम्हाला.”

तिनं दाराशी जाऊन फोन लावला आणि ॲम्ब्युलन्स अर्ध्या वाटेतून परत पाठवली. स्वानंदांना नको म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. समोर कल्याणी दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होती. आणि त्यांच्या पोटावर कुणीतरी गार बोटांनी दाबून पाहत होतं, न घाबरता, नीट, जसं डॉक्टर पाहतात.