चौथा पाहुणा

दादाच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीत दिवसभर सारखा उजेड असायचा, म्हणून माईनं आपलं कामाचं टेबल तिथेच लावलं होतं. दंतवैद्याकडून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी उभी करायची. एकवीस वर्षं ती हेच करत होती. "लोकांचं हसू हिच्या हातचं असतं आणि ही स्वतः मात्र एरंडेल प्यायल्यासारखी," असं तिचा भाऊ, दादा, म्हणायचा. हाकही मारायचा ती 'दंतोपंत' म्हणून.

दादा जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. पाण्यावर काढलेल्या वर्षांत त्याला नाद लागला तो ब्रिटिश रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांचा. तीन-चार हजरजबाबी माणसं, एक सूत्रधार, समोर प्रेक्षक. विषय दिला की न अडखळता बोलायचं, खोटं असेल तर साळसूदपणे ठोकून द्यायचं, दुसऱ्याची फिरकी घ्यायची, आणि काही सुचलं की घंटी दाबायची. दादा इंग्रजी शिकला तो या लोकांच्या थट्टेवर. ऐकलेला भाग मात्र तो पुन्हा कधी ऐकत नसे. "शिळा विनोद आणि शिळी चपराक, दोन्ही लागत नाहीत," म्हणायचा.

सात महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून तो पलंगावर होता. डोळे उघडे, पण बघणं नाही.

माईला रडू यायला हवं होतं, आलं नाही. दाढ काढण्याआधी हिरडीत सुई देतात ना, तसं तिचं मन झालं होतं. दाब कळायचा, दुखायचं नाही. तिनं फक्त एक नेम धरला. रोज सकाळी अकरा वाजता दादाला एक भाग ऐकवायचा, आणि तोही न ऐकलेला. नेम म्हणजे नेम. त्यात ताप नाही, पाहुणे नाहीत, सबब नाही.

नेमाला फळ आलं. कार्यक्रमातली घंटी वाजली की दादाच्या उजव्या हाताची तर्जनी चादरीवर हलके दाबली जायची.

"वन्सं, बोट हललं म्हणजे माणूस जागा आहे असं नाही," वहिनी म्हणाली. तिची कचेरी होती, घर होतं, आणि आता हे होतं. "पालीचं तुटलेलं शेपूटही वळवळतं."

"घंटीलाच हलतं वहिनी. उगीच नाही."

"मग त्या इस्पितळातून तपासायला येणाऱ्या बाईंना दाखवा. त्या म्हणाल्या प्रतिसाद आहे, तर हा घरीच राहील. नाही म्हणाल्या, तर शुश्रूषागृहात. माझी पाठ राहिली नाही हो आता उचलायला."

बाई येणार होत्या महिनाअखेरच्या शुक्रवारी. तोवर नेम चालवायचा, तर भाग हवे होते. रेडिओच्या संकेतस्थळावर नवा भाग आठवड्याला एकच यायचा आणि महिन्यानं काढून टाकला जायचा. ते संपले. मग जुन्या कार्यक्रमांचं वेगळं केंद्र सापडलं, तेही संपलं. मग शौकीन लोकांनी इंटरनेटवर चढवलेले खरखरणारे तुकडे. माईनं एक वही केली, इंग्रजीत. तारीख, सूत्रधार, पुढे पाहुण्यांचे चार रकाने, त्यांत तिघांची नावं. आणि उरलेल्या चौथ्या रकान्यात 'दादा', त्यापुढे बोट जितक्यांदा दाबलं तितक्या रेघा.

शोधता शोधता तिकडचाच एक म्हातारा सापडला. रेडिओनं पुसून टाकलेले कितीतरी भाग त्यानं तरुणपणी घरच्या टेपवर धरून ठेवले होते. माई त्याला मनातल्या मनात टेपवाला म्हणू लागली. ऐकलेले भाग परत येऊ नयेत म्हणून तिनं वहीच्या पानांचे फोटो त्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: 'तुमच्या यादीप्रमाणे चार पाहुण्यांचे भाग बाजूला काढले आहेत. बरेच आहेत.'

चौथा रकाना पाहुण्याचा नाही, हे कळवायला हवं, असं माईच्या मनात आलं. पण हातात गरम मेण होतं. मग राहूनच गेलं.

त्यानं इंटरनेटवरून पाठवलेल्या पहिल्याच टेपमध्ये सूत्रधारानं चौघांचं स्वागत केलं. तिघं आपापल्या आवाजात काहीबाही बोलले. चौथ्याचं नाव येताना टेप खरखरली. तो बोललाच नाही. त्याची पाळी आली की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी शांतता पसरायची. सूत्रधार थांबायचा, प्रेक्षक थांबायचे, आणि मग सगळे एकदम हसायचे. त्या शांततेतच दादाचं बोट दाबलं जायचं.

माईनं टेपवाल्याला विचारलं, हा चौथा कोण?

'माझ्या प्रतीत तो स्वच्छ ऐकू येत नाही,' त्यानं लिहिलं. 'पण लोकांना आवडतो.'

दिवसाला एक टेप. शांतता हळूहळू भरू लागली. आधी नुसता श्वास. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका मंगळवारी, दोनदा खाकरणं. दादा गोष्ट सांगण्याआधी असाच दोनदा खाकरायचा. माईच्या हातातला दात साच्यावरून घरंगळून फरशीवर गेला. तिनं वाकून तो उचलला, पुसला आणि जागेवर बसवला. मग पलंगाकडे पाहिलं.

त्या दिवशी बोट दाबलं गेलं नव्हतं.

बुधवारी नाही. गुरुवारी नाही. वहीचा चौथा रकाना कोरा राहिला. टेपमध्ये मात्र चौथा आता शब्द-दोन शब्द बोलत होता, आणि त्या तिघांतला एक जण, घोगऱ्या आवाजाचा, गप्प गप्प होत चालला होता. त्याची पाळी आली की आता तिथे शांतता असायची.

नेम मोडावा का? पण शुक्रवारी बाई येणार होत्या. बोट हललं तर याच कार्यक्रमाला हलणार होतं. दुसरं काही माईकडे नव्हतं.

शुक्रवारी अकराला बाई आल्या. वहिनीनं रजा घेतली होती. माईनं टेप लावली. विषय सांगितला गेला, घंटी वाजली.

बोट तसंच.

"परत लावा," बाई म्हणाल्या.

"परत नाही लावत आम्ही," माई म्हणाली. "पुढे ऐकू."

चौथा दोनदा खाकरला आणि बोलू लागला. भरभर, मजेत, जहाजावरून सुटीवर आल्यासारखा. माईचं इंग्रजी बेताचंच होतं. तिला विनोद कळला नाही. पण त्या इंग्रजीच्या मधोमध एक शब्द स्वच्छ आला.

'दंतोपंत.'

सभागृह खो खो हसलं.

वहिनीनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिनं माईकडे पाहिलं नाही.

"तो आवाज ऐकलात का तुम्ही?" माईनं बाईंना विचारलं.

"मला नाही कळत हे कार्यक्रम," बाई लिहीत म्हणाल्या. "सॉरी. प्रतिसाद दिसत नाही."

सोमवारी गाडी आली. दोन माणसांनी दादाला उचललं. त्याचं अंग गरम होतं, श्वास नीट होता. माई दारापर्यंत गेली. काही विसरलं का, असं गाडीवाल्यानं विचारलं, तेव्हा वहिनी आणि ती दोघीही क्षणभर खोलीकडे वळून पाहत राहिल्या.

"नाही," वहिनी म्हणाली.

नेम चालू राहिला. फरक इतकाच, की आता वहिनीही कचेरीत उशिरा जायची आणि अकरा वाजता रिकाम्या पलंगाच्या कडेवर येऊन बसायची. दोघी बोलायच्या नाहीत. टेपमधून दादा बोलायचा. घोगरा आवाज आता मुळीच येत नसे. वहिनी एकदा हसली. तोंडावर हात ठेवून, माहेरी चोरून हसावं तशी.

नवव्या दिवशी, ऐन कार्यक्रमात, शुश्रूषागृहातून फोन आला. माईनं तो घेतला. पलीकडे परिचारिका होती, आनंदानं धाप लागल्यासारखी.

"अहो, तुमचे बंधू बोलायला लागले! सकाळपासून! सगळं इंग्रजीत. आवाज थोडा घोगरा आहे, पण शब्द न् शब्द स्पष्ट."

"काय म्हणतात?" माईनं विचारलं.

"सारखं एकच. लोक हसायचे का थांबले, म्हणतात. हे दिवे कुणी काढले, म्हणतात." ती हसली. "होतं असं सुरुवातीला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला काहीच हरकत नाही. केव्हा येता?"

माईनं फोन खाली ठेवला.

"काय झालं?" वहिनी उठून उभी होती.

"बोलायला लागले म्हणे. न्यायला बोलावलंय."

वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती धावलीच. कपाटातून धुतलेली चादर काढली, पलंगावर झटकली, कोपरे घट्ट खोचू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वन्सं, ते बंद करा आधी," ती वर न बघता म्हणाली. "आता कशाला हवंय ते? माणूस येतोय घरी."

माईनं बटणावर बोट ठेवलं.

टेपमध्ये दादा एका लांबलचक गोष्टीच्या मध्यावर होता. तो बोलता बोलता थांबला. सूत्रधार थांबला. प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही.