बारापैकी सहा डिश

"अहो, दार लावा ना. माझी पोरं गारठतील."

मी इनक्युबेटर उघडून डिश मोजत होते. वळून पाहिलं – शेजारच्या टेबलावर कालच आलेला संशोधक. त्याची 'पोरं' म्हणजे हाडाच्या पेशी. माझ्या पेशी सांध्यातल्या कूर्चेच्या, झिजलेल्या गुडघ्यांवरच्या उपचारासाठी. दोघांच्याही या एकाच उबदार कपाटात वाढत होत्या.

"मी माझी मोजतेय."

"सकाळपासून चौथ्यांदा? पाय फुटलेत का त्यांना?"

हसू आलं. दाबलं.

माझ्या पेशींच्या दोन खेपा मेल्या होत्या. ही तिसरी. एकवीस दिवस जगली नाही तर गाईडबाई माझा विषयच बंद करणार होत्या. त्यामुळे माझ्या डिशना मी कुणाला हात लावू देत नसे. "लेकीचंही तेच," आई म्हणायची. "मी भरवलं तरी तू विचारणार, किती घास?" लेकीचा बाबा वेगळा झाल्यापासून मी अशी झाले होते.

अठराव्या दिवशी लेकीला ताप भरला. आणि पेशींचं पोषकद्रव्य त्याच दिवशी बदलायचं होतं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाला फोन केला.

"निळ्या झाकणाची बाटली. निळ्या. आणि आधी कोमट करा... निळीच हं."

"अजून एकदा सांगा. आवाज छान आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. लॅबमध्ये गेले तर सहा झाकणांवर लाल अक्षरं – 'चुकीचं द्रव्य. माझी चूक.' खाली वेळ आणि त्याची सही.

"दोन्ही बाटल्या शेजारी तापत होत्या," तो म्हणाला. "हात सवयीनं माझ्या बाटलीकडे गेला. सहाव्या डिशला लक्षात आलं. गाईडबाईंना सांगितलंय. उरलेल्या सहा जगल्या तर चालेल म्हणाल्या."

मी ओरडले नाही. भिंगाखाली एकेक डिश पाहिली. मग विचारलं, "गप्प बसला असतात तर? पेशी तशाही मरतात. कुणाला कळलं असतं?"

"मला. मग तुमच्याशी बोलायला तोंड राहिलं नसतं. आणि मला... रोज बोलायचंय. या डिश संपल्यावरही."

मी झाकण लावलं. डिश परत कपाटात ठेवल्या.

एकविसाव्या दिवशी सहाच्या सहा जिवंत होत्या. दुपारभर मशीनवर त्यांची चाचणी. एक वाजता लेकीची शाळा सुटणार, आणि आईचे गुडघे नेमके आजच आखडलेले.

"लेकीला शाळेतून घरी सोडाल?"

त्याचा चेहरा उतरला. "मी? अहो, मी तुमच्या सहा डिश घालवल्यात."

"म्हणूनच. चुकलात तर तोंडावर सांगाल, एवढं कळलंय मला. शाळेत तुमचं नाव कळवलंय."

"कळवलंय?" तो बघतच राहिला. "कोण... म्हणून?"

"मुलीच्या आईचा मित्र." मी हातमोजे चढवले. कान तापले होते. "सध्या तेवढंच लिहिलंय. जेवायला थांबा – पुढचं घरी आल्यावर सांगते."